डक्टेबल एसीत वीज नेमकी कुठे अडली?

सेंट्रल एसी बंद पडला की पुण्यात बहुतेक घरी दोनपैकी एक निदान ऐकू येतं. ‘गॅस संपलाय’, नाहीतर ‘पीसीबी (म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेलाय’. मशीनचं झाकण निघायच्या आधीच, कधी कधी तर फोनवरच. मग गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, संध्याकाळी घर गार होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, ऐन उन्हात, मशीन पुन्हा थांबतं. गॅसचा त्यात काही संबंधच नसतो. गच्चीवरच्या आयसोलेटरमध्ये, म्हणजे मशीनची वीज तोडणाऱ्या स्विचमध्ये, एक लग (तारेच्या टोकाला बसवलेलं धातूचं टोपण) सैल झालेला असतो, एवढंच.

एक गोष्ट आधीच सांगतो. गॅस हे पेट्रोलसारखं वापरून संपणारं काही नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा गळणारच. पण आजचा विषय तो नाही. बाणेर-औंधचे मोठे फ्लॅट, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क, प्रभात रोडचे बंगले अशा ठिकाणी फॉल्स सीलिंगच्या वर एक इनडोअर युनिट, तिथून खोल्याखोल्यांत गेलेले डक्ट, हॉलच्या भिंतीवर थर्मोस्टॅट आणि गच्चीवर आउटडोअर अशी जी यंत्रणा असते, तिच्यातले विजेचे आणि कंट्रोलचे बिघाड कसे ओळखतात, ते सांगायचं आहे. तुम्ही स्वतः पॅनल उघडावं म्हणून हे लिहीत नाही. समोरचा माणूस काय मोजून बोलतोय आणि काय न मोजता बोलतोय, हे घरातल्यांना कळावं म्हणून लिहितोय. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: मीटरवरचा आकडा दाखवल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू देऊ नका.

आज्ञा कुठून कुठे जाते

या मशीनमध्ये विजेच्या दोन वाटा असतात. एक जाड तारांची, कॉम्प्रेसर आणि पंखे चालवणारी, सिंगल फेजला २३० व्होल्ट आणि थ्री फेजला ४०० ते ४१५ व्होल्ट. दुसरी बारीक तारांची, नुसते निरोप पोहोचवणारी. तिला काही मशीनमध्ये २३० व्होल्टच दिलेले असतात, पुष्कळ ठिकाणी छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून २४ व्होल्ट.

थर्मोस्टॅटला खोली गरम वाटली की तो दोन निरोप पाठवतो. पहिला ब्लोअरला, म्हणजे इनडोअरच्या पंख्याला, तो जवळजवळ थेट जातो. दुसरा आउटडोअरला, आणि हा मात्र बरेच थांबे घेत जातो: हाय प्रेशर स्विच (गॅसचा दाब फार वाढला की उघडणारा), लो प्रेशर स्विच (दाब फार पडला की उघडणारा), ओव्हरलोड रिले (करंट फार वाढला की तोडणारा), थ्री फेज असेल तर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की थांबवणारा), काही मशीनमध्ये ड्रेनच्या ट्रेमधला फ्लोट स्विच (पाणी चढलं की तोडणारा), आणि तीन मिनिटांचा टाइम डिले. हे सगळे एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेले. सरकारी फाईल जशी टेबलाटेबलावर सही होत पुढे जाते तसा हा निरोप सरकतो. एका टेबलावर सही अडली की पुढे कोणाकडेच काही पोहोचत नाही. सगळ्या सह्या झाल्या की निरोप कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलला मिळतो, कॉन्टॅक्टर खट्‌ आवाज करून खाली ओढला जातो आणि जाड तारांची वीज कॉम्प्रेसरकडे आणि आउटडोअरच्या पंख्याकडे जाते.

तीन मिनिटांचा तो डिले पुष्कळांना बिघाड वाटतो. मे महिन्यात वळीव कोसळतो, वीज जाते, दहा मिनिटांनी येते आणि घरातले रिमोटची बटणं दाबत सुटतात. कॉम्प्रेसर थांबल्यावर त्याच्या दोन बाजूंचा दाब समान व्हायला वेळ लागतो. दाब तसाच असताना मोटर सुरू करायची म्हणजे भरलेल्या पंपाला जोर लावून फिरवायचं. मोटर अडते, करंट नेहमीच्या पाच-सहा पट होतो. म्हणून हा थांबा. पुष्कळ मशीनमध्ये दर वेळी बंद-चालू केलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वीज आल्यावर एकदा चालू करा आणि पाच मिनिटं हात लावू नका.

लक्षणावरून अर्धं काम होतं

मीटर बाहेर काढायच्या आधी नुसतं बघून आणि ऐकून शोधाची जागा निम्मी होते. थर्मोस्टॅटचा डिस्प्लेच कोरा असेल तर सप्लाय, कंट्रोलचा फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर. काही ठिकाणी फ्लोट स्विच थेट कंट्रोलचा सप्लायच तोडतो, त्यामुळे ड्रेनची नळी शेवाळाने तुंबली तरी सगळं मेल्यासारखं दिसतं. ट्रे रिकामा केला की मशीन जिवंत होतं. अशा वेळी पीसीबी बदलल्याचं बिल येणं फार वाईट.

ब्लोअर चालू आहे, जाळीतून वारा येतोय, पण तो साधा वारा आहे आणि गच्चीवर सामसूम: म्हणजे निरोप मधल्या थांब्यांत अडलाय, किंवा गच्चीवरचा आयसोलेटर बंद आहे. (टाकी साफ करायला आलेला माणूस तो बंद करून जातो, हे इतक्या वेळा घडतं की आधी तेच बघावं.) आउटडोअरचा पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर गप्प: दोघांनाही एकाच कॉन्टॅक्टरमधून वीज मिळत असेल, तर निरोप बरोबर पोहोचलाय. कॉन्टॅक्टरचा एखादा कॉन्टॅक्ट, मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर, कॉम्प्रेसरकडे जाणारी तार किंवा कॉम्प्रेसर स्वतः, एवढ्यातच शोधायचं. कॉम्प्रेसर घुं घुं करून काही सेकंदांत गप्प होतो: सुरू व्हायला जोर मिळत नाहीये.

आणि उलटा प्रकार. थर्मोस्टॅट बंद केला तरी गच्चीवरचं मशीन चालूच राहतं. कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटलेत, किंवा आउटडोअरच्या निरोपाची तार कुठेतरी सोलून दुसरीला टेकलीये. यात वेळ घालवू नका, लगेच मेन एमसीबी बंद करा. ब्लोअर थांबलेला आणि कॉम्प्रेसर चालू अशा स्थितीत इनडोअरच्या गार कॉइलवर बर्फ चढतो आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये परत येऊन त्याची वाट लावतो.

मीटरने पाठलाग

आता खरं निदान. समजा २४ व्होल्टचं कंट्रोल आहे, ब्लोअर चालू आहे आणि आउटडोअर मेलेलं. मीटरची एक पिन ट्रान्सफॉर्मरच्या ‘सी’ म्हणजे परतीच्या टर्मिनलवर ठेवायची आणि हलवायची नाही. दुसरी पिन निरोपाच्या वाटेने एकेक थांबा पुढे न्यायची. ‘आर’ टर्मिनलवर २६ व्होल्ट. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक. थर्मोस्टॅटच्या ‘वाय’वर २६. म्हणजे थर्मोस्टॅटने निरोप दिलाय. हाय प्रेशर स्विचच्या अलीकडे २६, पलीकडे २६. लो प्रेशर स्विचच्या अलीकडे २६, पलीकडे शून्य. सापडलं. निरोप इथे अडला. पडताळायचं तर त्या स्विचच्या दोन टोकांवरच दोन्ही पिना ठेवायच्या: जोडलेला स्विच शून्य दाखवतो, उघडा स्विच पूर्ण व्होल्टेज दाखवतो. नवशिके नेमके इथेच गोंधळतात, त्यांना स्विचवर शून्य आलं की स्विच मेला असं वाटतं.

हा पाठलाग पाच मिनिटांचा आहे. यात एकही पार्ट काढावा लागत नाही. आणि तरी तो फार थोडे लोक करतात, कारण फॉल्स सीलिंगच्या ट्रॅप डोअरमधून वर चढून मान वाकडी करून करावा लागतो.

आता लो प्रेशर स्विच उघडा सापडला, म्हणून ‘गॅस संपला’ असं लगेच म्हणायचं का? नाही. स्विच त्याचं काम करतोय. दाब का पडला हा प्रश्न अजून बाकी आहे. फिल्टर चोंदलेला असेल, ब्लोअर मंदावला असेल, तरी कॉइलवर बर्फ धरून दाब पडतो. इथे एक बारीक खूण उपयोगी येते. मशीन तासभर बंद ठेवलं की दोन्हीकडचा दाब सारखा होतो, आणि पुरेसा गॅस असेल तर लो प्रेशर स्विच परत जोडला जातो. तासाभरानेही तो उघडाच असेल तर एकतर गॅस जवळजवळ गेलेला आहे किंवा स्विचच खराब आहे, आणि त्यातलं कुठलं ते दाब मोजणारं गेज लावून दोन मिनिटांत कळतं. चालू केल्यावर थोड्या वेळाने उघडत असेल तर आधी फिल्टर आणि हवेची वाट बघायची.

स्विचला तार मारून, म्हणजे बायपास करून मशीन चालू करून देणारे लोक आहेत. कृपया असं कोणाला करू देऊ नका. हाय प्रेशर स्विच बायपास केलेलं मशीन गच्चीवर ठेवणं धोक्याचं आहे, आणि लो प्रेशरचा बायपास कॉम्प्रेसरचा जीव घेतो, कारण हर्मेटिक, म्हणजे सीलबंद, कॉम्प्रेसरची मोटर परत येणाऱ्या गॅसनेच गार होत असते.

कॉन्टॅक्टर आणि सैल जोड

निरोप कॉइलपर्यंत पोहोचला, कॉइलच्या दोन टोकांवर पूर्ण व्होल्टेज आहे, तरी कॉन्टॅक्टर ओढत नाही: कॉइल तुटलीये किंवा आत काहीतरी अडकलंय. पुण्यात आउटडोअरच्या पॅनलमध्ये मुंग्या आणि पाली सर्रास सापडतात. कॉन्टॅक्टच्या मध्ये चिरडलेली मुंगी दिसायला किरकोळ, पण तेवढ्याने वीज नीट जात नाही. कॉइलवर २४ ऐवजी १७-१८ व्होल्टच येत असतील तर कॉन्टॅक्टर थरथरतो, टरटर आवाज करतो, आणि प्रत्येक थरथरीला ठिणगी पडून कॉन्टॅक्ट जळत जातात.

सगळ्यात जास्त फसवणारा बिघाड मात्र सैल जोडाचा. तो समजून घ्यायचा तर एक हिशेब पुरे. तीन टनाचं सिंगल फेज मशीन साधारण १६ अँपिअर घेतं. मशीन बंद असताना गच्चीवर मीटर लावलं तर २३५ व्होल्ट दिसतात, सगळे म्हणतात सप्लाय उत्तम आहे. पण करंट वाहत नसताना सैल जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मशीन चालू ठेवून तेच मोजा: घरातल्या एमसीबीच्या बाहेर २३३, गच्चीवर कॉन्टॅक्टरच्या तोंडाशी २१९. मधले चौदा व्होल्ट कुठे गेले? थोडे लांब तारेत, तो तोटा सगळीकडे सारखा पसरलेला. पण आयसोलेटरच्या एका टर्मिनलच्या अलीकडे-पलीकडे मीटर लावल्यावर तिथेच दहा व्होल्ट दिसले, तर त्या नखाएवढ्या जागेत १६ गुणिले १०, म्हणजे १६० वॅट उष्णता तयार होतेय. तार काळी पडलेली, इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं, जळक्या प्लॅस्टिकचा वास. गरम झालं की धातू प्रसरण पावतो, गार झालं की आकुंचन, स्क्रू आणखी सैल. सकाळी चालणारं मशीन दुपारी का पडतं, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं: उन्हात कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो, करंट वाढतो, जोडावर व्होल्टेज आणखी पडतं, मोटर आणखी करंट मागते आणि ओव्हरलोड पडतो.

हीच मोजणी कॉन्टॅक्टरच्या एकेका पोलवर करता येते. चालू मशीनमध्ये वरच्या आणि खालच्या टर्मिनलमध्ये जवळजवळ शून्य दिसायला हवं. दोन-तीन व्होल्ट दिसले तरी कॉन्टॅक्टर बदलायची वेळ झाली. त्याला पॉलिश पेपर मारून परत बसवू नये. वरचा चांदीच्या मिश्रधातूचा थर निघून जातो आणि महिन्याभरात तो चिकटतो. नवा कॉन्टॅक्टर बसवताना तारेला योग्य मापाचं लग क्रिम्प केलेलं आहे ना, ते बघा. नुसती पिळून खोचलेली तार पुन्हा तीच गोष्ट घडवून आणते.

कपॅसिटरचं गणित पन्नास हर्ट्झचं करा

सिंगल फेज मशीन घुं घुं करून थांबत असेल तर पहिला संशय रन कपॅसिटरवर घ्यावा, आणि तो बहुतेकदा खरा ठरतो. त्याच्या अंगावर मायक्रोफॅरडच्या आकड्यासोबत, तो पाच किंवा सहा टक्के कमी-जास्त चालेल असं छापलेलं असतं. ४५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४२ ते ४८ च्या मध्ये हवा. वरचं झाकण फुगलेलं असेल तर मोजायचीही गरज नाही.

मशीन चालू ठेवून तो मोजायची एक पद्धत आहे आणि तिथे एक सापळा आहे. स्टार्ट वाइंडिंगच्या (मोटर सुरू करणाऱ्या वेटोळ्याच्या) तारेला क्लॅम्प मीटर लावून करंट घ्यायचा, कपॅसिटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं, करंटला एका ठरावीक आकड्याने गुणून व्होल्टेजने भागायचं. अमेरिकन व्हिडिओंमध्ये तो आकडा २६५२ सांगतात. तिथली वीज ६० हर्ट्झची. आपली ५० हर्ट्झची, आपला आकडा ३१८३. समजा करंट ४.४ अँपिअर आणि व्होल्टेज ३६०. आपल्या आकड्याने उत्तर ३९ च्या आसपास येतं: ४५ चा कपॅसिटर बराच उतरलाय. अमेरिकन आकड्याने ३२ येईल. आणि वाईट म्हणजे, चांगला ४५ चा कपॅसिटरसुद्धा त्या आकड्याने ३७-३८ दाखवेल आणि उगाच फेकला जाईल.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. ‘थोडा मोठा टाकू, पिकअप चांगला येईल’ हे ऐकू नका, त्याने वाइंडिंग तापतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कपॅसिटर मिळतो आणि तो स्वस्त पार्ट आहे. म्हणूनच त्याच्यासाठी कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं गेलं तर वाईट वाटतं. आणि हे महत्त्वाचं: वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची नाही. रेझिस्टर लावून उतरवायचा, मग मीटरने खात्री करायची.

गुरुवारनंतर गार होत नाही

पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी चालतात. काम संपतं, संध्याकाळी वीज येते, आणि थ्री फेज घरांत कधीतरी असं होतं की मशीन चालू आहे पण गार करत नाही. केबल जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली की थ्री फेज मोटर उलटी फिरते. पंख्याचं उलटं फिरणं दिसतं. स्क्रोल कॉम्प्रेसर बंद डब्यात असतो, त्याचं दिसत नाही. तो नेहमीपेक्षा जास्त आवाज करतो, करंट कमी घेतो, दोन्ही नळ्या सारख्याच कोमट राहतात आणि थोड्या वेळाने आतलं संरक्षण त्याला थांबवतं. इथे ‘गॅस नाही’ म्हणून गॅस भरणं हा कळस आहे. चांगल्या सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरमध्ये फेजचा क्रम बघायचीही सोय असते, मग मशीन सुरूच होत नाही आणि त्याचा लाल दिवा लागतो. तो दिवा तक्रार करतोय म्हणून त्याला बायपास करणं म्हणजे पहारेकऱ्यालाच घरी पाठवणं.

अशा वेळी सोसायटीची लिफ्ट चालू आहे का बघा. पुष्कळ लिफ्टच्या पॅनलमध्येही फेजचा क्रम तपासणारा रिले असतो. लिफ्ट अडलीये, बोअरचं पाणी कमी दाबाने येतंय आणि एसीही गार करत नाही, असं एकदम झालं असेल तर तुमच्या मशीनला हात लावू देऊ नका. क्रम मेन पॅनलवर सुधारायचा. मशीनवर तारा बदलून घेतल्या आणि दोन दिवसांनी महावितरणने किंवा सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने मुळात सुधारणा केली, की तुमचं मशीन परत उलटं.

तिन्ही फेजमधलं व्होल्टेज सारखं आहे का, हेही मोजून घ्या. समजा ४१०, ४१५ आणि ३९६ मिळाले. सरासरी ४०७, सगळ्यात लांबचा आकडा त्यापासून ११ दूर, म्हणजे पावणेतीन टक्के तफावत. दोन टक्क्यांच्या वर नको, कारण व्होल्टेजमधली छोटी तफावत करंटमध्ये कित्येक पट होऊन दिसते आणि एक वाइंडिंग एकटंच तापत राहतं. दोष लाइनचा की मोटरचा, हे ठरवायला जुन्या लोकांची छान युक्ती आहे: क्रम न बिघडवता लाइनकडून येणाऱ्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवायच्या. जास्तीचा करंट तारेबरोबर सरकला तर दोष लाइनमध्ये, जागेवरच राहिला तर मोटरमध्ये.

आणि कधी घरातले दिवे अचानक भगभगले, टीव्ही, फ्रिजचा स्टॅबिलायझर आणि एसीचा पीसीबी एकाच क्षणी गेले, तर न्यूट्रल तुटलाय. मेन स्विच बंद करा आणि महावितरणला कळवा. न्यूट्रल जोडल्याशिवाय नवा पीसीबी बसवू नका.

कॉम्प्रेसर मेला म्हणायच्या आधी

सिंगल फेज कॉम्प्रेसरला कॉमन, स्टार्ट आणि रन अशी तीन टर्मिनल असतात. तारा काढून ओहम मोजले तर कॉमन ते रन सगळ्यात कमी, कॉमन ते स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन ते स्टार्ट म्हणजे दोघांची बेरीज. समजा ०.९, १.९ आणि २.८. हे जुळलं तर वाइंडिंग शाबूत.

आता नीट वाचा. कॉमन ते रन ‘ओपन’, कॉमन ते स्टार्टही ‘ओपन’, पण रन ते स्टार्ट २.८ दिसतंय. कॉम्प्रेसर जळला? नाही. दोन्ही वाइंडिंग जिवंत आहेत. त्यांना कॉमनशी जोडणारा आतला ओव्हरलोड तापून उघडलाय. मेच्या उन्हात तापलेलं ते जड भांडं निवायला दोन-तीन तासही लागतात. तोवर कॉम्प्रेसर मेल्यासारखाच दिसतो, आणि त्या दोन-तीन तासांत कितीतरी चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेलेत. निवल्यावर पुन्हा मोजा, मग तो तापला का ते शोधा: कबुतरांच्या पिसांनी आणि धुळीने बुजलेला कंडेन्सर (आउटडोअरची गरम कॉइल), थांबलेला पंखा, उतरलेला कपॅसिटर, किंवा मघाचा सैल लग.

जमिनीशी शॉर्ट आहे का, ते मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, बघतात. इन्व्हर्टर मशीनमध्ये मेगर लावण्यापूर्वी कॉम्प्रेसरच्या तारा पीसीबीपासून वेगळ्या केल्याच पाहिजेत, नाहीतर चांगला पीसीबी तिथेच जातो. आणि टर्मिनलचं झाकण उघडं ठेवून कॉम्प्रेसरला वीज देणाऱ्या माणसाजवळ उभे राहू नका. टर्मिनल उडालं तर तेल आणि गॅस दाबाने बाहेर येतात, ठिणगीने पेट घेऊ शकतात.

इन्व्हर्टर, सेन्सर आणि एरर कोड

नव्या मशीनमध्ये डिस्प्लेवर कोड येतो आणि सगळ्यांना वाटतं निदान झालं. कोड फक्त एवढंच सांगतो की मशीनला काय दिसलं. ‘कम्युनिकेशन एरर’ म्हणजे इनडोअर आणि आउटडोअरचं बोलणं तुटलं. कोणता पीसीबी गेला हे त्यात लिहिलेलं नसतं. आधी दोन युनिटमधली केबल बघायची. फॉल्स सीलिंगमध्ये उंदराने कुरतडलेली, मध्येच टेप मारून जोडलेली, किंवा पॉवरच्या तारेबरोबर एकाच पाइपातून ओढलेली केबल हेच पुष्कळदा कारण निघतं.

सेन्सरचंही तसंच. तो साधा रेझिस्टन्स असतो, गरम झाला की कमी होणारा. पुष्कळ मशीनमध्ये २५ अंशाला १० किलो-ओम, बर्फाच्या पाण्यात ३२-३३ किलो-ओम. पेला, बर्फ आणि मीटर, एवढ्यात त्याची परीक्षा होते. काही वेळा सेन्सर उत्तम असतो, फक्त सर्व्हिसिंगमध्ये कॉइलवरच्या खोबणीतून निसटून नुसता हवेत लोंबत असतो. मग कॉइल गोठली तरी मशीनला पत्ता लागत नाही.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या तिन्ही वाइंडिंगचे ओहम सारखे हवेत. त्याच्या पीसीबीवर ३२५ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त डीसी असतं आणि वीज बंद केल्यावरही ते काही मिनिटं टिकतं. निदान दहा मिनिटं थांबून, मोजून मगच हात.

पावसाळा

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच, पडायला लागतो. बहुधा गच्चीवरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी गेलेलं असतं, कारण केबल वरून आत घेतलीये आणि केबलभोवतीचं भोक बंद करणारा ग्लँड बसवलेलाच नाही. केबल नेहमी खालून आत घ्यावी, आणि बॉक्सच्या आधी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथेच टपकतं. एसी बंद असतानाच आरसीसीबी पडत असेल तर क्रँककेस हीटरवर संशय घ्या. तो कॉम्प्रेसर थांबलेला असताना तेल गरम ठेवायला चालू असतो. हीटर, पंखा, कॉम्प्रेसर एकेक सुटा करून पाहिलं की दोषी सापडतो. आरसीसीबी काढून टाकून ‘प्रॉब्लेम सोडवणारा’ माणूस घरात परत येऊ देऊ नका.

घरातल्यांनी स्वतः करायचं काम थोडं आहे: फिल्टर धुणं, थर्मोस्टॅटचे सेल बदलणं, ड्रेन वाहतोय का बघणं, एमसीबी पडला तर एकदाच उचलणं. दुसऱ्यांदा पडला तर तिथेच थांबायचं.

आणि मशीन चांगलं चालू असताना, मार्चच्या सर्व्हिसिंगला, टेक्निशियनकडून चार आकडे लिहून घ्या: चालू मशीनमध्ये कॉन्टॅक्टरच्या तोंडाशी व्होल्टेज, कॉम्प्रेसरचा करंट, कपॅसिटरचे मायक्रोफॅरड, आणि इनडोअरमध्ये जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक. आउटडोअरच्या पॅनलच्या आत, वायरिंग डायग्रामच्या शेजारी, मार्करने तारखेसह. डायग्रामचा एक फोटोही मोबाईलमध्ये ठेवा, तो कागद दोन पावसाळ्यांत विरघळून जातो.